चालू झाले, पण दुरुस्त झाले काय?

ठाण्याच्या माजिवडा भागातून आमच्या एका वाचकाने एक प्रश्न लिहून पाठविला आहे. त्याचे उत्तर खासगी पत्राने न देता येथे द्यावे असे आम्हांस वाटले. कारण असा प्रश्न आता खेडोपाडीच्या मंडळ्यांतही उत्पन्न होऊ लागला आहे. हे बंधू पुष्कळ वर्षे एका कारखान्यात फिटर होते. निवृत्त झाल्यावर घराच्या ओट्यावर बसून ते शेजाऱ्यापाजाऱ्यांची लहानसहान यंत्रे दुरुस्त करून देतात, व त्याबद्दल काही घेत नाहीत. पावसाळा सरता सरता त्यांच्याकडे विशेषेकरून गवत कापण्याची पेट्रोलची यंत्रे येतात. असेच एक यंत्र एका मजुराने आणले आणि म्हटले, “काका, एवढे चालू करून द्या, आणि हा गार्ड पुन्हा बसवू नका, त्यात गवत गुंतते.” यंत्र बंद करण्याचे बटणही तुटलेले होते, त्याविषयी मजुराचे काही म्हणणे नव्हते. आमचे बंधू विचारतात की, यंत्र माझे नव्हे, पैसे मी घेत नाही, मागणारा आपल्या इच्छेने मागतो; मग मी त्याच्या म्हणण्याप्रमाणे करून दिले आणि पुढे काही विपरीत घडले, तर देवापुढे त्याचा जाब मला द्यावा लागेल काय?

प्रश्न प्रामाणिक आहे, व तो सोपा नाही.

माजिवडा हे नाव पुष्कळांस नाक्यामुळे ठाऊक असेल. मुंबईहून येणारा हमरस्ता येथून नाशिककडे जातो व घोडबंदरचा रस्ता येथेच फुटतो. जुने गावठाण आहे, परंतु त्याच्या भोवती उंचच उंच इमारती उभ्या राहिल्या आहेत. पश्चिमेस येऊरच्या डोंगराचे रान आहे. जून ते सप्टेंबर एवढ्या अवधीत इमारतींची आवारे, रस्त्यांमधील दुभाजक, शाळांची मैदाने व कबरस्ताने ही सर्व कमरेएवढ्या गवताने भरून जातात. पूर्वी हे गवत विळ्याने कापीत. आता मजूर येतो तो खांद्यास पट्ट्याने एक यंत्र अडकवून येतो. लांब दांड्याच्या एका टोकास लहानसे इंजिन, व दुसऱ्या टोकास फिरते पाते किंवा नायलॉनची तार. कामगार त्यास ‘ग्रास कटर’ म्हणतात, दुकानदार ‘ब्रश कटर’ म्हणतात. झुडपे व कोवळी झाडे तोडावयाची असल्यास त्यावरच करवतीसारखे दातेरी पाते चढविता येते. नायलॉनच्या तारेची युक्ती अमेरिकेतील ह्यूस्टन शहरच्या जॉर्ज बॅलस नावाच्या गृहस्थांस १९७१ साली सुचली. मोटारी धुण्याच्या यंत्रातील गरगर फिरणारे कुंचे पाहून त्यांनी एका डब्यास भोके पाडली, त्यांत मासे धरण्याची दोरी ओवली आणि तो डबा फिरवून पाहिला. आज कोकणातील आंब्याच्या बागांत व भाताच्या बांधांवरही ही यंत्रे दिसतात. तेव्हा हा प्रश्न केवळ शहराचा आहे असे कोणी समजू नये.

प्रथम हे सांगितले पाहिजे की, घरी बसून यंत्र दुरुस्त करणे ही गोष्ट आम्हांस सर्वथा चांगली वाटते. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाच्या १३ व्या अध्यायाच्या शेवटी एक लहानशी हकीकत आहे, तिजवर उपदेश झालेला आम्ही क्वचितच ऐकला. शौलाच्या दिवसांत सर्व इस्राएल देशात एकही लोहार उरला नव्हता. इब्र्यांनी तरवारी व भाले करू नयेत म्हणून पलिष्ट्यांनी ही व्यवस्था केली होती. आणि म्हणून नांगराचा फाळ, कुदळ, कुऱ्हाड, यांपैकी कशासही धार लावावयाची तर प्रत्येक इस्राएली माणसास पलिष्ट्यांकडे जावे लागे व ते मागतील ते मोल द्यावे लागे. ज्यास आपले हत्यार आपल्या गावात नीट करून घेता येत नाही तो अर्धा परतंत्र असतो, हे त्या इतिहासकाराने ओळखले होते. हल्लीही तसेच आहे. यंत्र स्वस्त मिळते, परंतु त्याचा एक रबरी पडदा मिळत नाही. किंवा दुरुस्तीचा खर्च एवढा सांगतात की त्यापेक्षा नवेच घ्यावे. जुलै २०२२ मध्ये केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने ‘दुरुस्तीच्या हक्का’विषयी एक समिती नेमली, आणि तिने प्रथम ज्या वस्तूंचा विचार हाती घेतला त्यांत शेतीची अवजारेही होती. हा हक्क मागणे योग्यच आहे. ओट्यावर पाना व पेचकस घेऊन बसलेला निवृत्त फिटर हा गरीब मजुराच्या बाजूचा मनुष्य आहे.

परंतु हक्क घेतला म्हणजे त्याच्या मागोमाग आणखी काही येते. आमच्या गावगाड्यात लोहार व सुतार हे बलुतेदार होते. लोहाराने शेवटलेला विळा कोणाच्या हातात जाणार हे त्यास माहीत असे. तो हात त्याच गल्लीत राही, आणि दांडा सैल राहिला तर सायंकाळच्या आत त्याच्या दारात बोलणे येई. ह्यावरून आम्ही बलुत्याची स्तुती करतो असे कोणी मानू नये. त्या व्यवस्थेने आमच्या मंडळ्यांतील बहुतेक घराण्यांच्या पूर्वजांस जे भोगावयास लाविले ते आम्ही विसरलो नाही, आणि ती गेली हे बरे झाले. तथापि दुरुस्त करणारा व वापरणारा यांच्यामध्ये जी ओळख होती ती आता राहिली नाही, एवढे खरे. माजिवड्याच्या ओट्यावरून गेलेले यंत्र उद्या कोणत्या आवारात, कोणाच्या खांद्यावर असेल, आणि पंधरा पावलांवर कोणाचे लेकरू खेळत असेल, हे आमच्या बंधूंस कळावयाचे नाही.

आता प्रत्यक्ष यंत्राकडे वळू. कारण नीतीचा प्रश्न येथे पेचात व आट्यांत दडलेला आहे. ह्या इंजिनात पेट्रोलमध्ये तेल मिसळून घालावे लागते, यंत्रानुसार पंचविसास एक ते पन्नासास एक ह्या मापाने. पुष्कळ जण ते अंदाजाने ओततात. हंगाम संपल्यावर टाकीत पेट्रोल तसेच राहते. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असते व ते ओल शोषून घेते; आठ महिन्यांनी कार्बोरेटरच्या बारीक वाटा चिकटून बंद होतात आणि आतील पातळ पडदा कडक होतो. मग दोरी ओढून ओढून मनुष्य थकतो. इंजिन सुरू झालेच तर हात काढताच बंद पडते. येथे दुरुस्त करणाऱ्यापुढे दोन मार्ग असतात. एक म्हणजे कार्बोरेटर उघडावा, धुवावा, पडदा बदलावा, हवेची जाळी साफ करावी, प्लग पाहावा, सायलेन्सरच्या तोंडाची काजळी काढावी. ह्यास अर्धा दिवस जातो. दुसरा मार्ग दोन मिनिटांचा आहे. इंजिनाची मंद गती ठरविणारा एक लहान स्क्रू असतो, तो आवळून गती वाढवावी. इंजिन मग बंद पडत नाही. मजूर आनंदाने घेऊन जातो. परंतु गती वाढल्यामुळे क्लच पकडतो, आणि हात ॲक्सिलरेटरवरून काढला तरी पाते फिरतच राहते. ज्या क्षणी मजूर थांबला, घाम पुसावयास वळला, किंवा गुंतलेले गवत काढावयास वाकला, त्या क्षणी पाते थांबलेले असावे एवढ्यासाठीच तो क्लच तेथे घातलेला आहे. असे यंत्र चालू झाले, दुरुस्त झाले नाही.

पात्याच्या नटाचीही हीच गोष्ट आहे. त्याचे आटे बहुधा उलटे असतात, म्हणजे पाते फिरता फिरता नट सैल न होता आवळत जावा. हे ज्यास ठाऊक नाही तो नेहमीच्या दिशेने जोर लावतो, पुढे हातोडी घेतो, आटे मरतात. मग कोणी झाळून टाकतो, कोणी मिळेल तो नट ठोकतो. दहा इंची पाते मिनिटास ७,००० फेरे घेत असेल तर त्याच्या टोकाचा वेग सेकंदास सुमारे ९३ मीटर, म्हणजे ताशी ३३० किलोमीटरांहून अधिक होतो. ते सुटले तर काय होईल हे सांगावयास नको. खडा उडाला तरी डोळा जातो. म्हणूनच ह्या यंत्रांच्या पुस्तिकांत इतर माणसांस निदान १५ मीटर दूर ठेवावे असे छापलेले असते.

मोशेच्या नियमशास्त्रात ह्या प्रसंगाचा विचार झालेला आहे हे पाहून आम्हांस नेहमी नवल वाटते. अनुवादाच्या १९ व्या अध्यायात रानात लाकडे तोडावयास गेलेल्या दोघा शेजाऱ्यांचे उदाहरण दिले आहे. एकाने कुऱ्हाड उगारली, लोखंड दांड्यातून निसटले व दुसऱ्यास लागून तो मेला. पूर्वीचे वैर नव्हते, हेतू नव्हता. म्हणून त्या मनुष्यास मरणदंड नाही, त्याने आश्रयाच्या नगरास पळून जावे व तेथे जगावे. आता निर्गमाचा २१ वा अध्याय काढा. बैलाने मनुष्यास हुंदडून मारले, तर बैलास धोंडमार करावा, धनी निर्दोष. परंतु तो बैल पूर्वीपासून मारका होता, धन्यास तशी ताकीद मिळाली होती, आणि तरीही त्याने त्यास आवरून ठेवले नाही, तर धनी दोषी. त्याच्या प्राणावर येते. दोन्ही ठिकाणी मनुष्य मेला तो सारखाच मेला. भेद एवढाच की, एकास ठाऊक नव्हते आणि दुसऱ्यास ठाऊक होते.

आमच्या बंधूंचे उत्तर ह्या भेदात आहे असे आम्हांस वाटते. सामान्य शेजाऱ्यास त्या यंत्राचे मर्म कळत नाही. कदाचित मजुरासही कळत नाही. परंतु जो तीस वर्षे फिटर होता, ज्याने आपल्या हाताने ते यंत्र उघडले, ज्याने सैल नट, तुटलेले बटण व काढलेला गार्ड डोळ्यांनी पाहिला, त्यास ‘मला ठाऊक नव्हते’ असे म्हणता येत नाही. त्याच्या ज्ञानामुळेच तर लोक त्याच्याकडे येतात. इतकेच नव्हे, ज्याची कुऱ्हाड नकळत सुटली तोही सरळ घरी जाऊन जेवावयास बसत नाही. त्यास घरदार सोडून प्रमुख याजकाच्या मरणापर्यंत परक्या नगरात राहावे लागते. नकळत झालेल्या हानीचे ओझे नियमशास्त्राने हलके केले, पण अगदी शून्य केले नाही.

‘मी पैसे घेत नाही’ हे म्हणणे आम्हांस सर्वांत दुबळे वाटते, जरी ते चांगल्या माणसाच्या तोंडून आले आहे. धर्माच्या गाईचे दात पाहू नयेत ही म्हण घेणाऱ्यासाठी आहे; देणाऱ्याने दात पाहिलेच पाहिजेत. जो भाड्याने यंत्र देतो त्याच्याशी भांडता येते, त्यास पैसे परत मागता येतात. फुकट करून देणाऱ्यास गरीब मनुष्य काही बोलू शकत नाही. तो उपकाराखाली असतो, व उलट तपासणी करणे त्यास कृतघ्नपणा वाटतो. म्हणून फुकट दुरुस्तीत अधिक काळजी हवी. आमच्या प्रभूने नासरेथात सुताराचे काम केले. दुसऱ्या शतकात जस्टिन मार्टर ह्या ग्रंथकाराने लिहून ठेविले आहे की, तो नांगर व जू करीत असे. जू वाकडे असले तर बैलाच्या मानेस जखम होते, आणि बैलास तक्रार करता येत नाही.

आता कठीण भाग राहिला: मजूर स्वतःच गार्ड नको म्हणतो. मोठा, समजता मनुष्य आपल्या अंगावरचे जोखीम आपण पत्करतो, त्यात दुसऱ्याने का पडावे? असे म्हणणारे पुष्कळ शहाणे लोक आहेत, आणि त्यांचे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. परंतु त्यास गार्ड का नको हे विचारून पाहावे. त्याचा रोज ठेक्याने ठरलेला असतो: इतके आवार, इतके रुपये. गवत गुंतले की थांबावे लागते, थांबले की दुसरे आवार हातचे जाते. तेव्हा गार्ड काढण्याची इच्छा त्याची दिसते खरी, पण ती घातली आहे भाव ठरविणाऱ्याने. याकोबाच्या पत्राच्या ५ व्या अध्यायात ज्यांची मजुरी अडकवून ठेविल्याबद्दल धनवानांस इतका कठोर शब्द ऐकावा लागला, ते मजूर शेत कापणारेच होते, हे वाचकांनी लक्षात आणावे. आमच्या मंडळ्यांपैकी जे कोणी मोठ्या गृहसंस्थांच्या समित्यांवर बसतात त्यांनी गवताचा ठेका देताना सर्वांत कमी भाव एवढेच पाहावे काय, हा वेगळा लेख होईल. येथे एवढा उल्लेख पुरे.

शिवाय जोखीम त्याच्या एकट्याच्या अंगावर नसते. अनुवादाच्या २२ व्या अध्यायात नवे घर बांधणाऱ्यास गच्चीला कठडा करावयास सांगितले आहे, कोणी पडून मेल्यास घरावर रक्तदोष येऊ नये म्हणून. गच्चीवर कोण येईल, त्याने स्वतःच सांभाळून का चालू नये, शेजाऱ्याच्या गच्चीस कठडा आहे की नाही, ह्यांपैकी काहीही तेथे विचारलेले नाही. ‘मी नाही म्हटले तर तो दुसऱ्याकडून करून घेईल’ ह्या म्हणण्यास त्यात उत्तर आहे. तो घेईलही. तरी कठडा ज्याच्या त्याच्या घराचा.

मात्र नुसते ‘नाही’ म्हणून यंत्र परत देणे आम्ही पुरेसे मानीत नाही. काही भाविक माणसे दोष लागू नये म्हणून कामच सोडून देतात, आणि मग मजूर जातो तो ज्यास काही कळत नाही अशाकडे जातो. आमच्या बंधूंस त्या मजुरापेक्षा अधिक कळते. ते त्यास सांगावे. नायलॉनच्या तारेच्या यंत्रात गार्डाच्या कडेस एक लहान पाती असते, ती लांबलेली तार मापावर कापते. गार्ड काढला की तार हवी तेवढी लांब ठेवता येते, व पहिल्या दिवशी काम झपाट्याने झाल्यासारखे वाटते. परंतु इंजिनावर भार पडतो, क्लच घसरून तापतो, आणि महिन्याभरात यंत्र पुन्हा ओट्यावर येते. उंच गवत बुडापासून एकदम कापू नये. वरून खाली दोन-तीन हातांत उतरवावे, म्हणजे गुंतत नाही. जाड गवतास तार न लावता तीन दात्यांचे पाते व त्याचा गार्ड लावावा. हे त्याच्या समोर पाच मिनिटे चालवून दाखविले तर शंभरांतील पुष्कळ जण ऐकतील असा आमचा अदमास आहे. आणि गार्डासकट वेळ कसा वाचतो हे त्यास पटले तर ते उपदेशाहून अधिक उपयोगी. बटणाचे काम तर अगदी थोडे आहे: तुटलेली तार जोडून इंजिनाच्या अंगाशी तिचा संबंध नीट लागला पाहिजे, म्हणजे बटण दाबताच ठिणगी मरते. एवढे केल्यावाचून यंत्र ओट्यावरून खाली उतरू देऊ नये.

इतके करून, सांगून, दाखवून, तो मनुष्य नाक्यापलीकडे जाऊन गार्ड काढून टाकील तर? तर तो जाब आमच्या बंधूंचा नव्हे. आश्रयाची नगरे देवाने नेमली ती अशासाठी की, ज्याने जाणूनबुजून वाईट केले नाही तो भीतीनेच मरू नये. प्रत्येक यंत्राच्या मागे आयुष्यभर धावत जाणे मनुष्यास शक्य नाही, व तसे कोणी मागितलेलेही नाही. मळणीयंत्रांनी शेतमजुरांचे हात जाऊ लागले तेव्हा १९८३ साली आपल्या देशात धोकादायक यंत्रांसंबंधी कायदा करावा लागला. कायद्याचे काम कायद्याने करावे, व ओट्यावरचे काम ओट्यावर व्हावे.

मंडळीच्या मालकीचे यंत्र असेल तेथे, आम्ही पाहतो की, ते सर्वांचे म्हणून कोणाचेच नसते; ज्यास हवे तो नेतो व मोडले की गुपचूप परत ठेवितो. निर्गमाच्या २२ व्या अध्यायाप्रमाणे मागून नेलेली वस्तू मोडली तर भरपाई नेणाऱ्याने करावयाची आहे, हे पंचांनी स्पष्ट करून ठेवावे. आणि परत ठेवणाऱ्याने निदान ‘बटण चालत नाही’ एवढी चिठ्ठी दांड्यास बांधावी. जाता जाता हेही लिहितो की, कबरस्तानाचे गवत रविवारी उपासनेच्या वेळी कापू नये. त्या आवाजात पाळकांचे शब्द ऐकू येत नाहीत, आणि मजुरासही एक सकाळ मिळावी.

शेवटी एक बारीक गोष्ट, जी आमच्या बंधूंनी विचारली नाही. चिरलेले पाते झाळून किंवा ठोकून पुन्हा लावू नये, हे ते जाणतातच. ते बदलल्यावर जुने पाते आपण भंगारवाल्यास देतो. भंगाराच्या ढिगात ते पूर्ण गोल दिसते, चीर मातीखाली झाकलेली असते, आणि नव्या पात्यास पैसे नसलेला कोणी मजूर थोडक्या रुपयांत ते उचलून नेतो. ज्याने खड्डा खणला व झाकला नाही त्याविषयीही निर्गमाच्या त्याच २१ व्या अध्यायात लिहिले आहे. सबब पाते भंगारात देण्यापूर्वी शिकंज्यात धरून त्याचे करवतीने दोन तुकडे करावेत; चांगल्या पोलादास वेळ लागेल, पण तेवढा द्यावा.